शिमी, स्विंग आणि मी

न्यूयॉर्कमधल्या त्या उन्हाळ्यात दिवसभर कोडिंग, मंगळवारी बेलीडान्स आणि शनिवारी लिंडी हॉप, असं माझं रूटीन होतं. बेलीडान्समध्ये कंबरेची शिमी करताना खांदे स्थिर, हलायची फक्त कंबर. एकटीचा कारभार! त्यामुळे शिमी मला सॉलिड जमायची.

लिंडी हॉपचं तसं नाही. हार्लेममधल्या सॅवॉय बॉलरूममध्ये (१९२६ ते १९५८) बहरलेला हा नाच जोडीचा. त्या बॉलरूमच्या जागी आता त्याच्या आठवणीची एक पाटी आहे. तिथे कृष्णवर्णीय आणि गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे. आठ काउंटच्या स्विंगआउटमध्ये जोडीदार काय सुचवतोय, ते हातातून ऐकायचं असतं. मी मात्र ऑफिसातल्यासारखीच, पुढचं सगळं आधीच ठरवून मोकळी!

ऑगस्टमधल्या शोमध्ये बेलीडान्सला टाळ्या, शिट्ट्या, सगळं मिळालं. मग स्विंग. तिसऱ्याच स्विंगआउटला घाईत त्याचा हात सुटला आणि भर स्टेजवर मी एकटी! पोटात गोळाच आला. त्याने हसून हात पुढे केला. या वेळी मी थांबले. त्याने नेलं, तेव्हाच निघाले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये ज्युनिअरचं बोलणं मी मध्येच तोडलं नाही. बिचारा तोच दचकला!