झेपेल असा व्यायाम

वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा आकडा ६.१ आला, तेव्हा डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही. "आधी व्यायाम सुरू करा, जेवणाकडे बघा, मग पुन्हा रक्त तपासू," म्हणाले. रक्तदाब आणि ईसीजी त्यांनी बघून ठेवला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे मला सांगायला लागलं नाही. माझी आई तो ओलांडून गेलेली आहे आणि तिच्या पायांच्या जखमा मी धुतल्या आहेत. त्यामुळे व्यायाम करायचा की नाही, हा प्रश्नच नव्हता. कोणता करायचा, एवढंच ठरवायचं होतं.

तो घरी करायचा, हे मात्र पक्कं होतं. मी डोंबिवलीला राहते, नोकरी मुंबईत. सकाळी नळाला पाणी येऊन गेल्यावर आणि डबे भरायच्या आधी जो अर्धा तास मिळतो, तोच माझा. संध्याकाळी लोकलमधून उतरेपर्यंत आठ वाजतात. आणखी एक कारण होतं. जाड बाई पळताना दिसली की हसणारी माणसं मी शाळेपासून बघत आले आहे. एखादी गोष्ट नव्याने शिकताना माणसाला थोडा आडोसा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवला की सतरंजीएवढी जागा निघते. तेवढी पुरेशी होती.

फोनवर 'नवशिक्यांसाठी' म्हणून जे व्यायाम दाखवतात, ते मी आधी बरेच दिवस नुसते बसून बघितले. प्रत्येकाची वहीत नोंद केली: उड्या किती, जमिनीवर जाऊन पुन्हा उभं राहायचं किती वेळा, सगळं अंग मनगटांवर तोलायचं किती वेळ. सुरुवातीच्या पाच मिनिटांतच बहुतेकांत या तिन्ही गोष्टी होत्या. शिकवणारी मुलगी हसतमुख आणि मनापासून शिकवणारी होती, पण तिने डोळ्यांसमोर धरलेला नवशिका पंचावन्न-साठ किलोंचा होता. साध्या सपाट चालण्यातही गुडघ्याच्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो. माझ्या बाबतीत तो सव्वादोनशे किलोंच्या वर गेला. उडी मारून खाली येताना तो आणखी किती वाढत असेल, याचा विचार केला आणि उड्यांच्या ओळींवर काट मारली. शिवाय आमची इमारत जुनी, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान आजारी असतात. सकाळी सहाला त्यांच्या डोक्यावर दणदण करणं मला शक्यच नव्हतं.

मग ओळखीतून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. वयाने माझ्या भाचीएवढी मुलगी. वजनकाट्याकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, "ताई, आधी तुम्हाला काय जमतं ते बघू. मग काय करायचं ते ठरवू." हात न लावता खुर्चीवरून उठायला सांगितलं. एका पायावर उभं केलं. भिंतीला धरून टाचा उचलायला लावल्या. जमिनीवर बसून उठायला सांगितलं तेव्हा मला तिच्या टेबलाचा आधार घ्यावा लागला. तिने ते नुसतं कागदावर लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही, याबद्दल मी तिची कायम ऋणी राहीन.

निघताना तिने एकच कसोटी दिली. व्यायाम चालू असताना थोडं जाणवलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकाल तेव्हा गुडघा किंवा टाच कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. मांड्या, दंड, पोटऱ्या ठणकल्या तर घाबरायचं नाही. स्नायूंचं ते दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं आणि आपोआप ओसरतं. सांध्याचं दुखणं वेगळं, नेमकं बोट ठेवून दाखवता येणारं. ते वाढलं तर व्यायाम सोडायचा नाही, त्यातला भार कमी करायचा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबून डॉक्टरांकडे. पुढे कुठलाही नवा व्यायाम मी घेतला किंवा टाकला, तो या सकाळच्या कसोटीवरच. किती घाम आला, किती कॅलरी जळल्या, हे बघणं मी बंद केलं.

पहिला व्यायाम ठरला खुर्चीवरून उठणं आणि बसणं. ऐकायला हे फारच साधं वाटतं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. तालमीतल्या बैठकीचंच हे आवाक्यातलं रूप आहे. आमच्या घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मी बाजूला ठेवल्या, कारण जड माणूस बसला की त्यांचे पाय फाकतात आणि फरशीवर घसरतात. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवली. तिच्यावर दोन घट्ट उशा रचून बैठक उंच केली. पाय खांद्यांएवढे लांब, बोटं किंचित बाहेर, छाती पुढे झुकवून टाचांवर जोर देत उठायचं. बसताना धपकन अंग टाकायचं नाही, मनात तीन अंक मोजत खाली यायचं. खरी मेहनत त्या खाली येण्यात आहे. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, आणि आमच्यासारख्यांनी ते आवर्जून टाळायला हवं. काही आठवड्यांनी एक उशी काढली. बऱ्याच दिवसांनी दुसरी. उशी काढली त्या दिवशी मांड्या थरथरल्या, पण दुसऱ्या सकाळी गुडघा शांत होता.

दंड-छातीसाठी जोर काढायचे होते, ते भिंतीवर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे टेकायचे, अंग सरळ ठेवून पुढे जायचं आणि ढकलून मागे यायचं. ते सोपं वाटायला लागल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर आले. ओटा जितका खाली, तितकं मनगटांवर वजन जास्त, म्हणून भिंतीवरून ओट्यावर यायची मी घाई केली नाही. पाठीसाठी रबराचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढते. जमिनीवर न जाता पलंगावरच उताणं पडून, पाय दुमडून कंबर उचलते. उभ्या जागी गुडघे उचलत चालणं हे या सगळ्याच्या आधी आणि नंतर. पायांत बूट घालूनच. घरात बूट घालणं आमच्याकडे कुणालाच रुचत नव्हतं, म्हणून एक जोड फक्त घरासाठी ठेवला. टाचेसाठी तो खर्च मला आवश्यक वाटतो.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मांड्या एकमेकींवर घासून कातडी सोलवटते, त्यासाठी गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी लागते. आणि छातीला नीट आधार देणारी अंतर्वस्त्रं नसतील तर जागच्या जागी चालणंही त्रासाचं होतं. कित्येक बायका व्यायाम सोडतात तो आळसाने सोडला असं लोक म्हणतात. खरी अडचण या दोन गोष्टींत असते आणि ती त्या कुणाला सांगू शकत नाहीत.

उड्या नसलेला व्यायाम म्हणजे हलका व्यायाम, असा समज आहे. ९१ किलोंचं अंग घेऊन दहा मिनिटं गुडघे उचलत चाललं की तो फोल ठरतो. जोर किती लावायचा याचं माप म्हणजे आपलाच आवाज. चालता चालता वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. मी त्या वेळी आदल्या दिवशीचा जमाखर्च मोठ्याने बोलत असे. वाक्याच्या मधेच श्वास तुटायला लागला की वेग कमी.

वजन उतरण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण याच ठिकाणी माणसं निराश होतात. ताशी पाच किलोमीटरच्या बेताने अर्धा तास चाललं तर माझ्या वजनाच्या माणसाच्या साधारण १६० कॅलरी खर्च होतात. तेल लावलेल्या दोन पोळ्यांपेक्षा कमी. नुसत्या व्यायामाने किलोमागून किलो उतरतील, ही आशा मी ठेवली नाही आणि कुणाला देतही नाही. पण स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात. वजनकाटा जागचा हलला नाही तरी हे घडतं. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं मी गॅलरीत येरझाऱ्या घालते. एका दमात दहा मिनिटं तरी व्यायाम झालाच पाहिजे, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ठेवलेली नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि दहा हजार पावलांचा जो आकडा सगळ्यांच्या मनगटावर येऊन बसला आहे, तो १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्रापासून चालत आला आहे. दिवसभर लोकलमध्ये उभं राहून आलेल्या बाईने तो आकडा गाठला नाही म्हणून स्वतःला कमी लेखावं, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या माहेरी व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. अण्णा सातारा जिल्ह्यातले, जुन्या औंध संस्थानातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत. त्यांनी ते संस्थानातल्या शाळाशाळांतून रुजवले, त्यावर पुस्तकं लिहिली. अण्णांच्या वडिलांनी ते शाळेतच उचलले आणि घरात आणले. अण्णा आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि अजून घालतात. फोनवर त्यांचं एकच सांगणं, "पोरी, रोज बारा घाल. बाकी काही लागत नाही." माझा त्यांच्यावर विश्वास आहे, नमस्कारांवरही. पण पुढे वाकताना माझं पोट मांड्यांना अडतं, मागचा पाय पुढे आणून दोन हातांमध्ये ठेवता येत नाही, आणि साष्टांगाला जाताना सगळा भार मनगटांवर येतो. हे अण्णांना कसं सांगावं, याचंच मला दडपण होतं.

वाट सापडली ती पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत. खुर्ची, भिंत, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन आसन माणसापर्यंत आणायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांच्या पुण्यातल्या संस्थेचं दार १९७५ मध्ये उघडलं आणि आजारी, वयस्कर, ताठर अंगाची माणसं तिथे शिकत आली. मी त्या संस्थेत गेलेली नाही, पण त्या पद्धतीने शिकलेल्या एका बाईंनी मला खुर्चीवरचा नमस्कार दाखवला. हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर. पाय एकेक करून मागे न्यायचा आणि तसाच पुढे आणायचा. पोटाला जागा मिळते, मनगटांवरचा भार निम्म्याहून कमी वाटतो, आणि पाठ छान लांबते.

दिवाळीत अण्णा आले तेव्हा त्यांच्यासमोर मी तो घातला. ते काही वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सरक जरा." आणि खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी धरून स्वतः एक घातला. उभं राहून म्हणाले, "खांदा दुखत होता चार महिने. हे बरं आहे." त्यांचा खांदा दुखतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता ते गावीही खुर्ची घेतात आणि फोनवर मला विचारतात, "टाच टेकते का तुझी?"

पाळीचे पहिले दोन दिवस मी फक्त येरझाऱ्या घालते. कार्यालयात हिशेबांची धावपळ असते त्या आठवड्यात खुर्ची आणि भिंत, एवढंच. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते, कारण दुप्पट केल्याची वसुली गुडघ्याकडून होते.

वजन आता ८५ किलो आहे. बीएमआयच्या हिशेबाने मी अजून लठ्ठच, कारण भारतीयांसाठी ती रेघ २५ ला मारलेली आहे आणि माझा आकडा ३५ च्या जवळ आहे. एचबीए१सी ५.८ आला. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कर, जाड माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अंगावरचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे सुमारे चार किलो कमी होतात, असं त्यांना आढळलं. तो हिशेब मला लागू धरला तर माझ्या सहा किलोंचे चोवीस होतात. लोकलमधून उतरल्यावर पादचारी पुलाचा जिना मी आता मधे न थांबता चढते, तेव्हा मला हा आकडा खरा वाटतो.

उतरणं अजून जड जातं. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षाही जास्त भार येतो. म्हणून गेल्या महिन्यापासून इमारतीच्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर सराव चालू आहे. कठड्याला हात, एक पाय पायरीवर, दुसऱ्याची टाच सावकाश खाली फरशीला टेकवायची आणि पुन्हा वर. डाव्या पायाला जमतं, उजवा गुडघा आत वळतो. फिजिओथेरपिस्टने उजव्यासाठी अर्ध्या उंचीची फळी वापरायला सांगितली आहे. सुताराकडून ती परवा आली.