ठशावरची शाई

एखादी वस्तू स्वच्छ करावयास घेतली, की ती कितपत स्वच्छ करावी हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. तांब्याचा गडू चिंच लावून घासावा आणि तो लखलखू लागेपर्यंत हात थांबवू नये, हीच आपल्या घरांतील शिकवण. रबरी ठशांना मात्र ती लागू पडत नाही.

आमचे घराणे दोन पिढ्यांपूर्वी इंदुरास आले. मुलखाशी असलेला आमचा धागा ताईने जपला तो दिवाळीच्या शुभेच्छापत्रांनी. पणती, मोर, कोयरी असे ठसे ती हाताने उमटवी आणि पुण्या-साताऱ्याच्या आप्तांना ती पत्रे धाडी. ती गेल्यावर ठशांचा डबा तिच्या मुलीने माझ्याकडे आणला. खाचांखाचांतून शाई वाळून बसली होती. मोर उमटवून पाहिला, तर पिसाऱ्याच्या जागी नुसता जांभळा गोळा!

मी फडके ओले करताच भाची कळवळून म्हणाली, “मामा, राहू दे ना! आईच्या हातची शाई आहे ती.”

तिचे म्हणणे मला खोडून काढता येईना. तरीही मी म्हणालो, “बाळ, आईने शाई जपली नव्हती, मोर जपला होता.”

हे काम मोठे नाजूक. पाण्यात विरघळणारी शाई साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ दातांच्या जुन्या ब्रशाने हळूहळू सुटते. ठोकळा मात्र पाण्यात बुडवू नये. लाकूड फुगते, रबराचा चिकटा सुटतो. रॉकेलाचा बोळा हा झटपट उपाय कोणीही सुचवील. पण खनिज तेलाने रबरच फुगते आणि रेषांचा घाट बिघडतो. उन्हात वाळविणेही घातक. त्याने रबराला तडे जातात. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ साली अमेरिकेत घेतले. उन्हाळ्यात पाघळणारा आणि थंडीत कडक होणारा हा पदार्थ त्यामुळे बारीक रेषा धरण्याजोगा झाला. अमर काही झाला नाही.

सगळी शाई निघाली, तरी मोर जांभळाच राहिला. रंग रबरात मुरला होता. भाचीने आणखी घासावे म्हणून ब्रश उचलला; मी तिला थांबविले. ओलसर ठसा कोऱ्या कागदावर दाबला. कागदावर पाण्याची पुसट खूण तेवढी उठली. रंगाचा लवलेशही नव्हता.

मळ आणि डाग यांतील भेद मला तेव्हा उमगला. पुढच्या उमटीत जो मिसळतो तो मळ. तो काढलाच पाहिजे. जो आपल्या जागी मुकाट्याने राहतो, तो डाग. त्याच्याशी झगडण्यात ठशाचीच झीज होते. गेलेल्या माणसाचेही आपल्यापाशी असे दोन्ही उरते. त्याच्या वस्तूंना हात न लावण्याचा हट्ट खाचा बुजवतो. मुरलेला रंग कशाच्याही आड येत नाही.

ठसा सावलीत वाळल्यावर भाचीने त्याला पिवळी शाई लावली. जांभळ्या मोराने कागदावर स्वच्छ पिवळा पिसारा फुलविला. पहिले पत्र कोणाला धाडावे, हे तिने मला विचारले नाही. साताऱ्याच्या आत्याचा पत्ता तिला पाठ होता.