मशीन भाषांतर करतं, मग तुम्ही काय करता?

सांगलीत आम्ही चौघं मिळून भाषांतराची छोटी कंपनी चालवतो, हे घरच्यांना माहीत आहेच. हल्ली काकांचा ठरलेला प्रश्न असतो, "आता सगळं मशीनच करतं म्हणे, मग तुम्ही काय करता?"

काका, मशीनने केलेलं निस्तरतो! 2017 मध्ये गूगलने मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली आणि वाक्यं बरीच सरळ येऊ लागली. तेव्हापासून ग्राहक म्हणतात, "नुसतं तपासायचं तर आहे, निम्म्या दरात करा." पण औषधाच्या माहितीपत्रकातला एक 'नाही' गळला तर? तो शोधायला मूळ आणि मराठी, दोन्ही ओळ न् ओळ वाचावं लागतं.

हे एकेकट्याने पटवून देणं अवघड. संघटना इथे उपयोगी पडते. भाषांतरकारांचा जागतिक महासंघ 1953 पासून आहे. भाषांतराची मानकं ठरवणाऱ्या आयएसओच्या समितीशी तो जोडलेला आहे. 2017 मध्येच आयएसओ 18587 हे मानक आलं. मशीनचं भाषांतर पूर्णपणे सुधारणाऱ्याकडे कोणती पात्रता हवी, ते त्यात लिहिलंय. ग्राहकापुढे ठेवायला निदान एक कागद मिळाला.

एकत्र बसून ठरवणं साताऱ्याला नवं नाही म्हणा... वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोशाचं काम चाललं, तेव्हा परिभाषासंग्रह 1973 साली निघाला आणि पहिला खंड 1976 साली. आधी शब्द ठरले, मग लेख आले.

आम्हीही सांगली-साताऱ्यातले पाच-सहा जण जमणार आहोत. सामाईक शब्दसूची करायची आणि तपासणीत नेमकं काय काय येतं, ते लिहून काढायचं. कुणाला यायचं असेल तर कळवा. चहा आमच्याकडे!