पन्नास की शंभर?

दिवाळी जवळ आली, की आमच्या अंधेरीच्या इमारतीत माझा भाव एकदम वधारतो. एरवी जिन्यात नुसती मान हलवून पुढे जाणारी मंडळी गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळांचा गुंता घेऊन दाराशी उभी राहतात. "तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक ना? मग बघा जरा!" तीस वर्षे इंजिनिअरिंगच्या मुलांना सर्किटे शिकवलेल्या माणसाला माळ दुरुस्त करता येतेच असे नाही, हे माझ्या पत्नीला फार पूर्वी कळून चुकले आहे, शेजाऱ्यांना अजून कळायचे आहे. मी आपला मल्टिमीटर घेऊन बसतो आणि एकेक जोड तपासत जातो. दर वर्षी त्या वेळी मला घाटकोपरचा एक मुलगा आठवतो.

गोष्ट २००९ सालची. घाटकोपर-अंधेरी मेट्रो सुरू झाली २०१४ साली. तोपर्यंत घाटकोपरहून आमच्या कॉलेजात बसने यायचे, म्हणजे साकीनाक्याची कोंडी सोसणे आले. त्यामुळे हा मुलगा प्रॅक्टिकलला हमखास दहा मिनिटे उशिरा, घामाघूम होऊन येई. तोवर बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या असत आणि त्याच्या वाट्याला उरलेले किट येई. ते सात नंबरचे.

त्या दिवशीचा प्रयोग ब्रिज रेक्टिफायरचा होता. नाव भारदस्त असले, तरी गोष्ट घरगुतीच आहे. आपल्या भिंतीतल्या प्लगमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते नि पन्नास वेळा मागे येते. मोबाइलला किंवा रेडिओला असली धरसोड वृत्ती चालत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी वीज हवी. मुलांना हे समजावताना मी लोकलचा दाखला देत असे. सकाळी बोरिवली-अंधेरीचा लोंढा चर्चगेटकडे जातो, संध्याकाळी तोच परत येतो. दिवसाच्या अखेरीस हिशेब केला, तर कुणी कुठेच गेलेले नसते! आता वाटेवरच्या एका वडापाववाल्याची इच्छा अशी, की गर्दी जाणारी असो वा येणारी, तिने आपल्या गाडीवरून एकाच दिशेने जावे. त्यासाठी चार फाटके बसवायची, प्रत्येक एकाच बाजूला उघडणारे. जाताना दोन उघडतील, येताना उरलेली दोन. ही चार फाटके म्हणजे चार डायोड. पन्नास वेळा जाणे आणि पन्नास वेळा येणे मिळून गाडीवरून सेकंदाला शंभर लाटा जाणार.

या जोडणीचे पेटंट १८९५-९६ च्या सुमारास कारोल पोलाक या पोलिश तंत्रज्ञाने घेतले. पण पुस्तकांत नाव राहिले ते मागाहून तीच जोडणी प्रसिद्ध करणाऱ्या लिओ ग्रेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे. हे सांगितले, की मुले हसत. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला श्रेय मिळतेच असे नाही, हे मी इतक्या सहजपणे सांगत असे!

प्रयोगात करायचे एवढेच, की पडद्यावर दोन लाटांमधले अंतर मोजायचे. दहा मिलिसेकंद आले, की सेकंदाला शंभर लाटा. खरे सांगायचे, तर मोजण्याचीही गरज नसे. प्रॅक्टिकलची जर्नले आमच्याकडे आजीच्या बांगड्यांसारखी वारसाहक्काने खाली येत. सीनिअरचे जर्नल जूनिअर उतरवी आणि आम्ही त्यावर सह्या करत असू. हे आम्हाला ठाऊक होते, मुलांना ठाऊक होते, आणि आम्हाला ठाऊक आहे हेही मुलांना ठाऊक होते.

या मुलाने मात्र जर्नलात लिहिले होते : वीस मिलिसेकंद, पन्नास लाटा.

मी लाल पेनने आकड्याभोवती गोल काढला. "अरे, हे काय? नीट बघ पुन्हा."

तो गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. "सर, वीसच येतायत."

"पुस्तकात किती आहे?"

"शंभर लाटा, सर. म्हणजे दहा."

"मग?"

माझ्या टेबलापाशी वीस मुले सह्यांसाठी रांगेत उभी होती. त्याचे किट माझ्यापासून बारा पावलांवर होते. मी ती बारा पावले गेलो नाही. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग पन्नास खोडून शंभर लिहिले. मी सही केली आणि अचूक मोजता न आल्याबद्दल दहातले तीन गुण कापले.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेची साफसफाई निघाली. तिथल्या जुन्या सेवकांना मुले मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणत असे. सात नंबरचे किट पुढे करून ते म्हणाले, "सर, ह्यातला एक डायोड मेलेला आहे." मी मीटर लावून पाहिला. खरेच, दोन्ही बाजूंनी वीज जाईना. चारांतले एक फाटक गंजून बंद पडले होते. जाणाऱ्या गर्दीला वाट होती, परतणारी अडकली होती. अशा सर्किटातून सेकंदाला पन्नासच लाटा निघणार. दुसरे काही निघणे शक्यच नाही.

मी कपाटातली जर्नले काढली. किटचा नंबर लिहायची आमच्याकडे शिस्त होती. त्या मुलानंतर आणखी तीन बॅचची मुले सात नंबरवर बसली होती. तिघींच्या जर्नलांत शंभरच लिहिलेले होते, आणि त्यांखाली माझी वळणदार सही होती.

मी त्याची पुढची पाने उघडली. पुढचे सगळे प्रयोग बिनचूक! एकही आकडा इकडचा तिकडे नाही. ते पाहून मला जे वाटले, त्याला लाज हा शब्द अपुरा आहे. एका डायोडची किंमत लॅमिंग्टन रोडला एखाददुसरा रुपया; पण मी त्या मुलाचे काय बिघडवले, ते कुठल्या मीटरने मोजायचे?

सुट्टीनंतर त्याला बोलावून मी मेलेला डायोड त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"मला वाटलं, माझंच चुकलं असेल, सर."

"आणि पुढची रीडिंग्ज?"

तो खाली पाहू लागला. "सीनिअरची आहेत."

मी त्याचे जर्नल उघडले, खोडलेल्या पन्नासशेजारी "हेच बरोबर होते" असे लिहिले आणि तारखेसह सही केली. त्याने ते वाचले आणि भीतभीत विचारले, "मग सर, ते तीन मार्क?"

गुण तेव्हा विद्यापीठाकडे रवाना झाले होते. तसे मी त्याला सांगितले. तो "बरं सर" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हा प्रकार सांगितला, माझ्या बारा पावलांसकट. पुढल्या वर्षापासून दर प्रयोगाला एका किटमध्ये मी मुद्दाम एक मेलेला भाग बसवू लागलो. कुठल्या, ते फक्त मामांना ठाऊक. जो जसे दिसले तसे लिहील, त्याला पूर्ण गुण. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी तरीही पुस्तकातलाच आकडा लिहिला. सवय मोडायला तीन वर्षे गेली. मुलांची आणि माझीही.

आज सकाळी समोरच्या बिऱ्हाडातली आठ वर्षांची चिमुरडी माळ घेऊन आली. मी मीटर लावला आणि ऐटीत म्हटले, "हा जोड तुटलाय बघ." ती म्हणाली, "नाही काका, त्याच्या पुढचा." मी चष्मा पुसला, उठून खिडकीच्या उजेडात गेलो आणि तिने दाखवलेला जोड तपासला. तिचेच बरोबर होते.