नाव बदललं, एमएच १६ तेच

३१ मे २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली आणि अहमदनगर जिल्ह्याचा अहिल्यानगर झाला. बोलताना मात्र अजून 'नगर'च! राजकारण बाजूला ठेवू. मला भलतंच कुतूहल होतं... एखाद्या वेब ॲपमध्ये हे नाव किती ठिकाणी लिहून ठेवलेलं असेल?

दूध संकलनाचं एक ॲप पाहण्यात आलं. वरच्या पट्टीत नवं नाव, खालच्या तक्त्यात जुनं. नावाचं ठीक आहे हो, माणूस समजून घेतो. पण निवडलेल्या तालुक्याचीही तीच तऱ्हा! पट्टी म्हणते संगमनेर, तक्त्यात लिटरचे आकडे अकोल्याचे. शेतकऱ्याने खरं काय मानायचं?

कारण साधं आहे. प्रत्येक कंपोनंटने 'निवडलेला तालुका' आपापल्या खिशात ठेवलाय. एकाने बदलला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. ती गोष्ट एकाच जागी हवी, सगळ्यांनी तिथूनच वाचावी.

रिॲक्टवाल्यांसाठी २०१५ मध्ये रिडक्स आलं. गुणी आहे, पण दोन-चार सामाईक गोष्टींसाठी ॲक्शन, रिड्यूसर, प्रोव्हायडर एवढा लवाजमा जरा जास्तच होतो. २०१९ मध्ये आलेली झुस्टांड त्यामानाने चिमुकली. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थच 'अवस्था'! एका फंक्शनने स्टोअर बनवायचं, हातात एक हुक येतो. कंपोनंट त्यातून हवं तेवढंच मागतो आणि तेवढं बदललं तरच पुन्हा रंगतो. प्रोव्हायडरचं वेष्टण लागत नाही.

पण मंडळी, लायब्ररी हलकी म्हणून स्टोअर हलकं राहत नाही. सोय झाली की जो तो त्यात काहीबाही टाकतो, आणि बघता बघता त्याची अडगळीची खोली होते. फॉर्ममध्ये अर्धवट टाइप केलेला मजकूर फॉर्मपाशीच राहू द्या. एकूण लिटर साठवू नका, नोंदींवरून बेरीज करा. तालुक्याचं नावही नको, फक्त त्याचा कोड ठेवा. नाव दाखवताना यादीतून काढता येतं.

आपल्या आरटीओचंच बघा ना. जिल्ह्याचं नाव बदललं, पण गाड्यांवरचं एमएच १६ तसंच राहिलं. एकही नंबरप्लेट त्यापायी बदलावी लागली नाही.

सोमवारी ऑफिसात गेलात की आपलं स्टोअर उघडा आणि एकेका ओळीला विचारा, "बाई, तू दुसऱ्या कशावरून काढता येतेस का?" उत्तर 'हो' आलं, तर खुशाल पुसून टाका.