आवाजाचें माप

हव्या त्या वस्तु तयार मिळूं लागल्यापासून आपलें माप दुसऱ्यास सांगण्याची आपली संवय मोडली आहे. पूर्वीं शिंपी छातीला फीत लावी, चांभार कागदावर पाऊल ठेवावयास सांगून त्याभोंवतीं रेघ ओढी, आणि तेवढ्या क्षणापुरते कां होईना, आपण जसे आहों तसे त्याच्यापुढें उभे राहत असूं. भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गांवीं आतां जिकडे पाहावें तिकडे गोदामांच्या रांगा आहेत. त्यांतल्याच एका गोदामाच्या कचेरींत मी हिशेब तपासतों. सकाळीं मागविलेला जिन्नस सायंकाळीं गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचावा, असा आमचा व्यवहार. अशा माणसावर एका वस्तूसाठीं चार महिने थांबण्याचा प्रसंग गेल्या दिवाळीनंतर आला.

ती वस्तु म्हणजे आईचा तंबोरा. सहा वर्षांपूर्वीं कल्याणचें बिऱ्हाड हलवून आम्ही येथें आलों, तेव्हां तिचा जुना तंबोरा वाटेंत फुटला. भोपळ्याला पडलेली भेग थेट गळ्यापर्यंत गेली होती. आई कांहींच बोलली नाहीं. तिनें गवसणी पुन्हां चढविली आणि ती स्वयंपाकघरांत गेली. पुढें मीं तिला विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी आणून दिली, आणि आपलें कर्तव्य संपलें असें समजून मोकळा झालों. सायंकाळीं तिच्या खोलीचें दार लागे. आंतून पेटीचा मंद स्वर येई. त्यापलीकडे मीं कधीं चौकशी केली नाहीं. यंदा तिला पंचाहत्तर वर्षें पूर्ण होणार म्हणून खरा तंबोरा द्यावा, व तोहि तिच्या नकळत, असें मनांत आणून मी एका रात्रीं महालक्ष्मी एक्स्प्रेसनें मिरजेस निघालों.

तंबोऱ्यासाठीं मिरजच कां, हें गाण्याच्या घरीं सांगावें लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारांनीं तेथें हें काम सुरू केलें, असें सांगतात. शस्त्रांना धार लावणारे हात सतारी घडवूं लागले, आणि त्या घराण्याचें आडनांवच सतारमेकर झालें. याच गांवीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. अब्दुल करीम खां येथेंच स्थायिक झाले व १९३७ सालीं वारल्यावर येथील दर्ग्याच्या आवारांत विसावले. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

मी ज्या कारखान्यांत गेलों तो म्हणजे एक जुनें घरच होतें. आढ्याला पंढरपुराकडून आलेले वाळलेले भोपळे टांगलेले. मुलगा तबलीचें लाकूड तासीत होता, नातू एका दांडीला लाखेचें पॉलिश देत होता, आणि आजोबा घोडीवर कानस चालवून पुनःपुन्हां तार छेडून पाहत होते.

"कोणासाठीं पाहिजे?" त्यांनीं विचारलें.

"आईसाठीं."

"आई कोणत्या पट्टींत गातात?"

"काळी चार." हें उत्तर मला लहानपणापासून पाठ होतें. आईची पट्टी हा आमच्या घरच्या अभिमानाचा विषय होता.

त्यांनीं पेन्सिल उचलली नाहीं. "वय काय त्यांचं?" मीं वय सांगितलें. ते म्हणाले, "आज कुठं गातात ते सांगा, साहेब. दांडीची लांबी, तारांची जाडी सगळं त्यावर धरायचं. जुन्या आवाजावर बेतला, तर त्या आवाज ताणतील. चार दिवस ताणतील, आणि मग तंबोरा कोपऱ्यांत बसेल."

मला उत्तर ठाऊक नव्हतें. अंगणांत येऊन मीं आईला फोन केला. गुपित तर फुटलेंच. पण प्रश्न ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पांढरी चार सांग." आणि थोडें थांबून, "पेटीचा कांटा मीं केव्हांच खालीं आणला आहे रे. तूं पाहिला नाहींस?"

खरेंच मीं पाहिला नव्हता. सहा वर्षें त्या बंद दारावरून मी जात-येत होतों. तिचा आवाज हळुहळू उतरत होता, आणि मी मात्र पाहुण्यांना काळी चारच सांगत होतों. तिनें एकदांहि माझें वाक्य दुरुस्त केलें नाहीं. मुलाला आपला जो अभिमान आहे तो मोडूं नये, एवढ्यासाठींच बहुधा दार लागत असावें. मीं आंत जाऊन "पांढरी चार" म्हटलें, तेव्हां आजोबांनीं तें निमूटपणें लिहून घेतलें. त्यांच्या दृष्टीनें तें निव्वळ एक माप होतें.

निघतांना ते म्हणाले, "जवारी काढायच्या वेळीं त्यांनाच घेऊन या."

फाल्गुनांत आम्ही दोघें गेलों. नवा तंबोरा आईपुढें ठेवून आजोबा घोडी घांसूं लागले. दोन हात कानशीचे, मग कान लावून ऐकणें. पुन्हां दोन हात. मग तारेखालीं सुताचा धागा सरकवीत सरकवीत ते एका जागीं थांबले, आणि तारेचा कोरडा नाद एकाएकीं उमलून खोलीभर पसरला. "आई, तुमचा षड्ज द्या," ते म्हणाले.

आईनें एकदां माझ्याकडे पाहिलें. त्या परक्या घरांत, तीन पिढ्यांच्या कारागिरांसमोर, तिनें आपला आजचा षड्ज लावला. तो खालचा होता, कांठाशीं किंचित् कांपत होता. पण तारेंत मिसळला तेव्हां दोहोंत भेद उरला नाहीं. नातवाचा पॉलिशचा बोळा हातांतच राहिला. आजोबांनीं फक्त मान हलविली.

तंबोरा आतां पूर्ण्यास आमच्या बैठकींत आहे. आई सायंकाळीं तेथेंच गाते, आणि खोलीचें दार लावण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. परवां एका पाहुण्यांनीं पट्टी विचारली. मीं आईकडे पाहिलें, आणि उत्तर तिनेंच दिलें.