कारवीच्या हिशेबाने

आमच्या घरी साल दोन तऱ्हांनी मोजलं जाई. एक भिंतीवरच्या कालनिर्णयावरून आणि दुसरं कारवीवरून. आत्याचं लग्न असो की पहिला फ्रिज, बाबा सांगत, "ते कारवीच्या आदल्या वर्षी."

आम्ही बोरिवली पूर्वेचे. हायवे ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आजी त्याला शेवटपर्यंत कृष्णगिरी म्हणाली, आमच्या तोंडी ते नुसतं 'नॅशनल'. पाहुणे आले की वनराणी गाडी आणि गांधी टेकडीवर त्यांची बोळवण व्हायची. बाबांचं नॅशनल मात्र त्या गाडीचे रूळ संपले की सुरू होई. तिथून कान्हेरीपर्यंत चालत जायचं. बस असायची, पण बसमधून जंगल दिसत नाही, बसच दिसते, असं त्यांचं मत. वाटेत काकडीवाल्या मावशींकडून तिखटमीठ लावलेली काकडी घ्यायची आणि माकडांनी ती हिसकावण्याआधी संपवायची.

बाबा पाणीखात्यात होते. त्यामुळे कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांमध्ये लोक चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्ती बघत उभे राहिले, तरी हे पोढीपाशी उकिडवे बसलेले. कातळाच्या उतारावर खोदलेल्या बारीक पन्हळी, त्यातून पावसाचं पाणी टाक्यात कसं वळवलंय, हे ते बोटाने गिरवून दाखवत. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, दोन्ही याच डोंगरांत; पण ते भिक्षू म्हणजे खात्यातले खरे सीनियर, असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे.

कारवी मला आधी भेटली ती काठ्यांच्या रूपात. लेण्यांच्या वरच्या अंगाला पुरुषभर उंचीचं नुसतं काटकुळ्यांचं रान. याच काठ्यांचे कूड उभे करून, वर शेणमाती लिंपून पाड्यांवरच्या वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधली. मला मात्र फूल बघायचं होतं. "आठ वर्षांनी एकदा येतं," बाबा म्हणाले. शाळेतल्या पोराला आठ वर्षं म्हणजे थापच वाटली.

मग एका भाद्रपदात उतारच्या उतार जांभळा झाला. आठ-आठने मागे गेलं, तर ते साल १९९२ असावं. फुलांपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती मधमाश्यांची गुणगुण. सगळा डोंगर कुठल्याशा यंत्रावर चालू केल्यासारखा. एवढं फुलून कारवी मरते, हे बाबांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. मी हायवे येईपर्यंत बोललो नाही.

२०००ची माझी हुकली. नोकरी बेंगळुरूला होती. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "आलीय." २००८ला नवा कॅमेरा घेऊन गेलो आणि कॅमेऱ्याच्याच नादात राहिलो. २०१६ला लेक बरोबर होती. तिला फुलांपेक्षा बिबट्याची ओढ. इतकी वर्षं नॅशनलमध्ये हिंडून मला बिबट्या एकदाच दिसलाय, तोही आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत, पहाटे तीनला, वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीशेजारून निवांत जाताना.

२०२४ला बाबांचे गुडघे पार गेलेले. मी भीतभीतच बसचं नाव काढलं. खिडकीची जागा मिळाली. तुळशीकडचा फाटा मागे पडला तशी दोन्ही अंगांना कारवी लागली. ते काचेला कपाळ टेकून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दिसतंय की बसमधून."

पण कारवीचं शेवटचं काम फुलानंतरचं असतं. बोंडं झाडावरच वाळून पुढच्या पावसाची वाट बघतात, आणि पाणी लागलं की फुटून बी उडवतात. गेल्या जूनमध्ये मी एकटाच गेलो. पहिली सर येऊन गेली होती. उतारावर कुणी नव्हतं, आणि सगळीकडून तट्, तट्, तटतट. लाह्या फुटाव्यात तसं. मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं.

घरी येऊन बाबांच्या कानाशी धरलं. कानाचं यंत्र त्यांनी नीट बसवलं, डोळे मिटले.

"पाऊसच ऐकू येतोय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "परत लाव."